ओझं वाहायला चालतो, तलवार धरायला चालत नाही

मागच्या महिन्यात एका रविवारी शीवला बहिणीकडे गेलो होतो. प्रतीक्षानगरमधलं दोन खोल्यांचं घर. आत पाऊल टाकलं तर जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली, चित्रविचित्र आकाराचे फासे आणि भोवती भाचीसह कॉलेजची पाच पोरं. जोरात वाद चाललेला. मला वाटलं, निवडणुकीवरून असेल. निघाला एका बुटक्या बाईच्या तलवारीवरून.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र रचतो. त्या पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे आकड्यांत मांडतो. एकजण गोष्ट पुढे नेतो आणि कुठलंही काम जमलं की फसलं ते फासे ठरवतात. माझ्या भाचीने ‘हाफलिंग’ वंशाची लढवय्यी रचली होती. हाफलिंग म्हणजे तीन फूट उंचीची माणसं, वजन चाळीस पौंड, म्हणजे अठरा किलो. तिची ताकद होती १६, जी चांगलीच मोठी समजतात. तिला हवी होती दोन हातांनी पेलायची मोठी तलवार. खेळ चालवणारा मुलगा म्हणाला, नियम नाही. लहान मापाच्या पात्राने जड शस्त्र उचललं तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि त्यातला वाईट आकडा घ्यायचा. इथवर ठीक होतं. पण मग दुसरा एक पोरगा सहज बोलून गेला, “मुळात त्या रेसला एवढी ताकद असायलाच नको.”

भाचीने माझ्याकडे बघितलं. “मामा, तू सांग.”

मी काय सांगणार? मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ‘त्या रेसला एवढी ताकद असायलाच नको’ हे वाक्य मला ओळखीचं होतं. आपल्यापैकी कोणालाही ओळखीचं वाटेल. मी तिचं पुस्तक घरी घेऊन आलो, जुन्या आवृत्त्यांचे नियमही धुंडाळले, आणि जे सापडलं ते आपल्या तरुण मित्रांपुढे ठेवावंसं वाटलं. खेळाचं पुस्तक म्हणून झटकून टाकू नका. माणसाच्या मापावरून त्याची लायकी ठरवणारे तक्ते आपल्या इतिहासात खेळ म्हणून आलेले नाहीत. ते सरकारी हुकूम म्हणून आले आहेत.

आधी त्या नियमातली गंमत पाहा. भाची खेळते ती २०१४ ची आवृत्ती. तिच्यात वजन वाहण्याचा हिशेब असा: ताकदीचा आकडा गुणिले १५, तेवढे पौंड ओझं पात्र वाहू शकतं. मोठ्या मापाच्या प्राण्याला हे दुप्पट होतं, अगदी चिमुकल्याला अर्धं. पण लहान आणि मध्यम, म्हणजे हाफलिंग आणि माणूस, या दोघांना हिशेब एकच आहे. १६ ताकदीची अठरा किलोची हाफलिंग २४० पौंड, म्हणजे जवळजवळ ११० किलो, पाठीवर घेऊन चालू शकते. ओढण्या-ढकलण्याला त्याच्याही दुप्पट. तिथे तिच्या मापाची कोणाला अडचण नाही. अडचण येते ती तिने तलवार उचलली की.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. ओझं वाहायला चालते, तलवार धरायला चालत नाही! अमेरिकेतल्या खेळ लिहिणाऱ्यांना हे कुठून सुचलं असेल ते असो, आपल्या गावगाड्याचा नियम दुसरा काय होता? मेलेली म्हैस ओढून गावाबाहेर न्यायची महाराने. चारशे-पाचशे किलोचं ते धूड. सरकारी सामान एका गावाहून दुसऱ्या गावाला डोक्यावर पोचवायचं महाराने. सारा घेऊन तालुक्याला जाणाऱ्या पाटलाच्या संगतीला चालायचं, रात्री वेशीवर जागायचं, शिवेचा वाद झाला तर शीव दाखवायची, हे सगळं महाराने. त्या वेळी कोणी म्हटलं नाही की या लोकांच्या अंगात ताकद नाही. ताकद नाही हे आठवलं ते हातात शस्त्र द्यायची वेळ आली तेव्हा.

शीव म्हणजे हद्द. ज्या शीवमध्ये बसून पोरं हा खेळ खेळत होती तिचं नावच हद्दीवरून पडलंय. कंपनीच्या मुंबई बेटाची हद्द इथे संपायची आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. टेकडीवरचा किल्ला १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या कारकिर्दीत बांधला, तो त्या हद्दीवर नजर ठेवण्यासाठी. हद्द राखणं हे काम जगभर मानाचं समजतात. आपल्याकडे गावाची हद्द राखणाऱ्याला गावाच्या हद्दीबाहेर ठेवलं. असो, मूळ मुद्द्याकडे येतो.

या खेळाचा उगम लष्करी आहे. १८२४ च्या सुमारास प्रशियन अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा, सोंगट्या आणि फाशांचा ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धखेळ प्रचारात आला. पुढे त्या जातीचे खेळ हौशी लोकांत पसरले. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ साली मध्ययुगीन लढायांचा एक खेळ छापला, आणि १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला. पलटणीऐवजी एकेकटं पात्र आलं, पण पलटणीचा हिशेबनीस डोक्यातून गेला नाही. प्रत्येक गोष्टीचा तक्ता हवाच.

१९७८ च्या आवृत्तीतला एक तक्ता भाचीला दाखवला तेव्हा ती आधी हसली, मग गप्प झाली. त्यात वंश आणि लिंग यांच्याप्रमाणे ताकदीची कमाल मर्यादा दिली आहे. ताकद साधारण ३ ते १८, आणि १८ च्या पुढे लढवय्यांसाठी टक्केवारीचा एक जास्तीचा मजला. मानव पुरुष त्या मजल्याच्या अगदी टोकापर्यंत जाऊ शकतो. मानव स्त्री अर्ध्यावर थांबते. हाफलिंग पुरुषाची मर्यादा १७, हाफलिंग स्त्रीची १४. फासे टाकताना तुम्हाला काहीही पडो, तक्ता वरून कापून टाकणार. भाचीच्या लढवय्यीवर दोन कात्र्या चालल्या असत्या, एक मापाची आणि एक बाईपणाची. तिची १६ ची १४ झाली असती.

एवढ्यावर भागत नव्हतं. मानव सोडून बाकी वंशांना बढतीचीही कमाल होती. एल्फ वंशाचा लढवय्या ताकदीत १७ पेक्षा कमी असेल तर पाचव्या पायरीवर थांबणार, १७ असेल तर सहाव्या. बाजूचा मानव मात्र कितीही वर चढू शकतो. पराक्रम सारखा, धोका सारखा, राक्षस तोच, पण एकाला शिडी आहे आणि दुसऱ्याला छत. हे वाचून मला सुभेदार-मेजर आठवला. ब्रिटिश हिंदी फौजेत हिंदी माणसाच्या बढतीचं छत सुभेदार-मेजर हे होतं. आयुष्य लढाईत घालवलेल्या सुभेदार-मेजरने काल विलायतेहून उतरलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा. हिंदी माणसाला राजाचं कमिशन मिळायला पहिलं महायुद्ध संपत यावं लागलं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आजोबा मुरबाडकर सुभेदार-मेजर. ते छत आपल्या घरातल्या माणसांनी डोक्याला लागेपर्यंत अनुभवलंय.

आणि मग ते छतही काढून घेण्यात आलं आणि खालची शिडीही. हा इतिहास नीट सांगायला हवा, कारण ‘इंग्रजांनी महारांना सैन्यात घेतलं’ एवढं एकच वाक्य सांगून आपले काही वक्ते खाली बसतात. मुंबई फौजेत महार पिढ्यान् पिढ्या होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावं स्तंभावर आहेत, त्यांत शेवटी ‘नाक’ लागणारी २२ आहेत. म्हणजे उंची भरली, छाती भरली, बंदूक पेलली, मरण पत्करलं. परीक्षा काही बाकी राहिली नव्हती. तरीही १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. का? माणसं अचानक बुटकी झाली होती का?

बदलला होता तक्ता. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता आणि ‘लढवय्या वंशां’चा सिद्धान्त त्याने फौजेच्या भरतीत पक्का रुजवला. काही जाती जन्मतः लढवय्या, बाकीच्या जन्मतः भेकड. उत्तरेकडची थंड हवा मर्द घडवते, दक्षिणेची ऊब माणसं मऊ करते. पलटणी जातवार बांधायच्या. मग जातवार पलटणीत सवर्ण रंगरुटाने महार सुभेदाराचा हुकूम कसा मानायचा? प्रश्न तिथे होता. ताकदीचा प्रश्न हे निमित्त होतं. पुढे पुढे तर भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार हस्तपुस्तकं निघाली. मराठे आणि दखनी मुसलमान यांच्यावरचं मेजर बेथमचं पुस्तक १९०८ चं आहे. ती पुस्तकं आणि भाचीचं पुस्तक शेजारी ठेवून बघा. या वंशाचे लोक कुठे राहतात, स्वभाव कसा, अंगकाठी कशी, कशाला उपयोगी. मांडणी हुबेहूब तीच. फरक एवढाच की एका पुस्तकातले लोक खरे होते आणि त्यांची पोटं त्यावर अवलंबून होती.

या सिद्धान्ताला मापाचाही आधार नव्हता हे सगळ्यात महत्त्वाचं. लढवय्या वंशांच्या यादीत अगदी वर कोण? गुरखे. फौजेतले सर्वांत बुटके. त्यांच्यासाठी उंचीची अट खाली आणली गेली आणि ती आजही खालीच आहे. सैन्याच्या सामान्य भरतीत गुरख्यांना १५७ सेंटिमीटर चालतात, महाराष्ट्रातल्या पोराला १६८ लागतात. गुरख्यांना सवलत मिळते याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. लढाईला उंची लागत नाही हे त्यांनी सिद्ध केलंय. माझं म्हणणं एवढंच की राज्यकर्त्याला ज्याला घ्यायचंय त्याच्यासाठी तो फूटपट्टी वाकवतो आणि ज्याला टाळायचंय त्याच्यासाठी ती सरळ करतो. महाराच्या बाबतीत तर फूटपट्टी लावलीच नाही. नाव विचारलं.

याविरुद्ध आवाज उठला तो आपल्याच निवृत्त सैनिकांतून. गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले, जोतीरावांच्या विचारांत वाढलेले. १८९४ च्या सुमारास त्यांनी अनार्य दोषपरिहार मंडळीच्या नावाने अर्ज तयार केला. आमची भरती पुन्हा सुरू करा, आम्ही तुमच्यासाठी लढलो आहोत. मग शिवराम जानबा कांबळे. १९१० साली त्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध आटोपल्यावर १९२१ मध्ये गुंडाळली गेली. मरायला माणूस हवा तेव्हा महार लढवय्या, पेन्शन द्यायची वेळ आली की पुन्हा बिगर-लढवय्या! गोलमेज परिषदेत २० नोव्हेंबर १९३० ला बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर हेच विचारलं. इंग्रज येण्याआधी सैन्याची दारं आम्हाला बंद होती, आज ती उघडी आहेत का?

आता इथे कोणी म्हणेल, अहो, पण मोठ्या देहात जास्त ताकद असते हे तर खरंच आहे ना? खेळात थोडं वास्तव नको का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. भाचीच्या टेबलावरच्या त्या पोरानेही नंतर हाच मुद्दा काढला आणि तो प्रामाणिकपणे काढला. तर वास्तव बघूच. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला हिशेब आहे. देहाची उंची निम्मी केली तर स्नायूंचा आडवा छेद एक चतुर्थांश होतो आणि वजन एक अष्टमांश. ताकद छेदावर अवलंबून. म्हणजे निम्म्या उंचीच्या माणसाची ताकद चौथा हिस्सा होईल हे खरं, पण स्वतःच्या वजनाच्या मानाने तो दुप्पट बलवान ठरेल. मुंगी आपल्याहून जड दाणा ओढते त्याचं गुपित हेच. या हिशेबाने सहा फुटी गड्याचं २४० पौंडांचं ओझं तीन फुटी हाफलिंगसाठी ६० पौंडांवर येतं. तिच्या वजनाच्या दीडपट. ते काही कमी नाही. वास्तवच हवं असेल तर हा नियम करा, तो लहानाला हिणवत नाही. २००० सालच्या आवृत्तीत थोडं असं केलंही होतं. लहान पात्राचं ओझं पाऊणपट, पण त्याला मारणं कठीण आणि त्याचा वार अचूक. देणं आणि घेणं दोन्ही होतं.

कुस्तीत तर आपण हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते ५७ किलो वजनगटात. त्यांना कोणी म्हटलं नाही की तुम्ही लहान मापाचे, तुम्ही कुस्ती सोडा. लहानाची कुस्ती लहानाशी लावली आणि पदकाचा मान सारखा ठेवला. वजनकाटा माणसाला तोलतो, त्याच्या आज्याला तोलत नाही.

माझा सगळा मुद्दा या एका फरकावर उभा आहे. ‘तुझ्याच्याने हे उचललं जातं का ते उचलून दाखव’ हा एक नियम. ‘तू अमुक वंशाचा, त्यामुळे तुझ्याच्याने उचललं जाणारच नाही’ हा दुसरा. पहिला नियम कठोर असेल, पण अन्यायी नाही. दुसरा नियम सौम्य भाषेत सांगितला तरी जातच आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत दुसरा नियम चालायचा. सूतकताईत अस्पृश्य चालायचा, विणकाम खात्यात चालायचा नाही, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाटण्याची भीती. विणकामाची मजुरी जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला तेव्हा कामगार ऐक्याच्या गप्पा मारणाऱ्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली होती. तिथे कोणी महाराची बोटं मोजून विणकामाला नालायक ठरवली नव्हती.

आणि मोजली असती तर? मोजणाराही एक होऊन गेला. हर्बर्ट रिस्ले. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. लोकांच्या नाकांची लांबी-रुंदी मोजून त्याने सिद्धान्त मांडला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. आपल्याकडच्या सवर्ण विद्वानांना हा फार गोड वाटला, आपण आर्य असल्याचा दाखला घरबसल्या मिळाला. बाबासाहेबांनी काय केलं? नुसता निषेध करून ते थांबले नाहीत. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी मांडलेली नाकांची मापंच घेतली आणि दाखवून दिलं की या शास्त्रावर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. विरोधकाचा तक्ता घेऊन विरोधकालाच हरवणं याला म्हणतात. आपल्या तरुणांनी ही पद्धत शिकायला हवी. आकडेवारी समोर आली की आपण पटकन भावनेवर जातो आणि हरतो.

‘जातिनिर्मूलना’च्या १९३६ च्या भाषणात त्याहून धारदार मुद्दा आहे. काही पंडित तेव्हा म्हणत होते की जातीमुळे रक्त शुद्ध राहिलं, वंश सुधारला. बाबासाहेबांनी उत्तरात हिंदूंच्या शरीराकडेच बोट दाखवलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने रंगरुटांची शारीरिक प्रतवारी केली होती, त्यात ‘सी-३’ हा अगदी तळचा वर्ग. बाबासाहेब म्हणाले, हे सगळे लोक सी-३, उंचीने खुजे, दमाने कमी, दहातले नऊ लष्कराला नालायक. हजारो वर्षं वंशसुधारणा चालली असेल तर तिचं फळ हे कसं? काही वाचकांना हे वाक्य आज खटकतं, उंचीवरून हिणवल्यासारखं वाटतं. पण ते कोणाला आणि कशासाठी म्हटलं ते लक्षात घ्या. वंशाचा तक्ता घेऊन आलेल्याला त्याच्याच तक्त्यावर नापास केलेलं आहे. आणि उंची ही नुसती रक्ताची गोष्ट नाहीच, ताटातल्या अन्नाचीही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी भरली. ज्या घरात तीन पिढ्या पोटभर जेवण नाही त्या घरातल्या पोराला भरतीच्या मैदानावर १६५ सेंटिमीटरच्या पट्टीखाली उभं करायचं आणि निसर्गाने दिलं नाही म्हणायचं. मी स्वतः एका भरतीत छातीच्या मापात गेलो. फुगवून फुगवून शिपायालाच हसू आलं. तो चांगला माणूस होता, म्हणाला, शेंगदाणे खा. आता हसतो, तेव्हा घरी सांगायला तोंड नव्हतं.

खेळाच्या पुस्तकांचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण ते बदलले आणि आपल्याकडचे धर्मग्रंथवाले बदलत नाहीत. बाईच्या ताकदीवरची कमाल १९८९ च्या आवृत्तीत गेली. बढतीचं छत २००० साली गेलं. २०२० मध्ये एका पुरवणी ग्रंथाने सांगितलं की वंशामुळे मिळणारे जास्तीचे गुण तुम्हाला हवे तिथे लावा. २०२४ च्या आवृत्तीत ‘रेस’ हा शब्दच काढला आणि जास्तीचे गुण जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे व्यवसायाशी, जोडले. अमेरिकेतल्या काही जुन्या खेळाडूंनी यावर भरपूर थयथयाट केला. आमचा खेळ बाटवला म्हणे. हेही ओळखीचं.

पण मी यावर टाळ्या वाजवायला घाई करणार नाही. नव्या पुस्तकात शेतकऱ्याच्या पूर्वायुष्यातून ताकद, काटकपणा आणि शहाणपण वाढवता येतं, तल्लख बुद्धी वाढवता येत नाही. बुद्धी मिळते पंडिताला आणि सरदाराला. वंश गेला आणि धंदा आला! जन्मावरून नको, कर्मावरून घ्या, असं गीतेचा हवाला देऊन सांगणारे आपल्याला रोज भेटतात. बाबासाहेबांनी श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यात जो फरक केला तो या पानावर लावून बघा. खेळात निदान व्यवसाय खेळाडू स्वतः निवडतो, हा मोठा फरक आहे हे मान्य. तरी शेतकऱ्याच्या पोरीला बुद्धी का नको, हे मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, आम्ही तो नियम पाळत नाही.

जड शस्त्राचा नियम मात्र २०२४ मध्ये खरोखर बदलला, आणि तो वाचून मला आनंद झाला हे कबूल करतो. आता माप कोणी विचारत नाही. ताकद १३ किंवा जास्त असेल तर मोठी तलवार तुमची, मग तुम्ही तीन फुटी असा की सात फुटी. १३ च्या खाली असाल तर सहा फुटी माणसालाही दोनदा फासा टाकून वाईट आकडाच घ्यावा लागतो. उचलून दाखव, मग तुझी. एवढंच तर वलंगकर मागत होते.

महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. त्याच वर्षी बाबासाहेब संरक्षणविषयक राष्ट्रीय मंडळावर गेले होते आणि हा प्रश्न त्यांनी लावून धरला होता. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली या रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट केलं गेलं. व्हिकर्स मशीनगन, तिवईसकट पस्तीस-चाळीस किलोचं प्रकरण, पायदळातल्या जड शस्त्रांपैकी एक. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना साधी रायफल धरायला नालायक ठरवलं होतं त्यांच्या हाती ती आली, आणि पुढे बिल्ल्यावरही दोन मशीनगन आल्या. हे मी भाचीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “मामा, त्यांची उंची किती होती?” मी म्हटलं, माहीत नाही, स्तंभावर लिहिलेली नाही.

पुढच्या रविवारी पोरांनी मतदान घेऊन नवा नियम स्वीकारला. तो ‘एवढी ताकद असायलाच नको’ म्हणणारा पोरगाही हात वर करून बाजूने उभा राहिला म्हणे. भाचीने आपल्या लढवय्यीचं नाव बदललं आणि शेवटी ‘नाक’ लावलं. तलवार मिळाली. पहिल्याच वाराला फासा टाकला, पडले ४. वार हुकला.